उंबऱ्यावरची हाक

फूमा सुईणीचे गुडघे गेले होते, नजर अधू झाली होती, आणि गेली दोन वर्षं ती प्रत्येक बाळंतपणानंतर म्हणायची की आता हे शेवटचं. इस्त्रियाच्या डोंगरातल्या द्रेनोवाक गावात दुसरी सुईण नव्हती, त्यामुळे तिच्या म्हणण्याला कुणी भीक घालत नसे. कुणाच्या सुनेला कळा लागल्या की माणूस दारात हजर, आणि फूमा पाठीला हात लावत, कुरकुरत उठायची. अशी एक्केचाळीस वर्षं गेली. गावातली निम्मी माणसं जगात यायच्या आधी तिच्या ओंजळीत आली होती. हे ती मिरवत नसे, पण कुणी विसरलं तर ऐकवायला कमी करत नसे.

त्यातल्या चार पोरी मात्र तिला आठवायला नको असत. त्या चौघी डोक्यावर गर्भपिशवीचा तांबूस पडदा घेऊन जन्मल्या होत्या. असली पोर मोठेपणी चेटकीण होणार, किल्लीच्या भोकातून घरात शिरून झोपलेल्यांच्या छातीवर बसणार, गायींचं दूध आटवणार, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. उताराही ठरलेला. पहिलं दूध पाजायच्या आत सुइणीने पोर घेऊन उंबऱ्यावर उभं राहायचं आणि तीनदा ओरडायचं, 'चेटकीण नव्हे, पोर जन्मली!' गुपित फुटलं की शक्ती मेली. उतारा चोख होता. फक्त तो कुणावर केला, हेही साऱ्या गावाला जन्मभरासाठी कळायचं. एवढी साधी गोष्ट रीत पाडणाऱ्या शहाण्यांच्या डोक्यात आली नाही, आणि फूमाच्या डोक्यात यायलाही वीस वर्षं लागली.

चौघींपैकी दोघी दूर शहरात मोलकरणी झाल्या, एक वारली. उरली पाश्क्वा. ती फूमाच्या हातचं पहिलंच बाळंतपण. एक्केचाळीस वर्षांची झाली, लग्न झालं नाही. तिच्या हातचा पाव गावात कुणी खात नसे, पण बाळंतिणीचे रक्ताचे कपडे धुवायला ती सगळ्यांना चालायची. म्हणून कुठे बाळंतपण असलं की ती मागच्या दारी टोपली घेऊन बसून राहायची. फूमा बोचकं बाहेर ठेवायची आणि नजर न मिळवता दार लोटून घ्यायची.

त्या फेब्रुवारीत, द्राक्षवेलींची छाटणी चालली असताना, फूमाच्या स्वतःच्या सुनेला कळा लागल्या. मुलगा ट्रिएस्तच्या गोदीत कामाला, घरात दोघीच. उलिका पहिलटकरीण, पहाटेपासून अडलेली. दुपारी पोर आली. फूमाने तिला उजेडाकडे धरलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत तांबूस पडदा.

तिने तो बोटाने सोडवला, बशीत टाकला आणि वर फडकं टाकलं. पण उलिकाने बघायचं ते बघितलं होतं.

"आत्याबाई, जा ना. ओरडा."

"पडून राहा गं तू. गरम वाइनमध्ये पाव भिजवून देते, अंगात ताकद येईल."

"मला नको पाव! बायका पुढच्या अंगणात बसल्यात, जाऊन ओरडा. लोकांच्या पोरींसाठी धावत सुटत होतात, आणि माझ्या पोरीच्या वेळी दातखिळी बसली?"

"नाही ओरडायची मी."

"मग मी पाजत नाही," उलिका म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

पोर भुकेने रडायला लागली. फूमा तिला हातांवर घेऊन उभी राहिली, आणि तिला इतका थकवा आला की असंच खाली बसावं नि पुन्हा उठू नये. खरं सांगायचं तर उताऱ्यावरचा तिचा विश्वास पुरता उडाला नव्हता. ओरडू नये, तर उद्या ही खरंच तसली निघाली तर? ओरडावं, तर काय होतं ते मागच्या दारी टोपली घेऊन बसलेलं होतं.

दार किलकिलं झालं. इतकं रडू ऐकून पाश्क्वाने डोकं आत घातलं. "मावशी, कपडे द्यायचेत का?"

तिचा आवाज ऐकून उलिकाला जोर चढला. "ये, ये! तूच सांग यांना. तुझ्या वेळी ओरडल्या, म्हणून तू चेटकीण झाली नाहीस. हो की नाही?"

पाश्क्वाने बशीकडे पाहिलं. फडकं उचलायची तिला गरज पडली नाही.

"नाही झाले," ती म्हणाली. "हे तू एकदा शेजारच्या काताच्या गायीला सांग. ती परवा आटली तर काता माझ्याच दारात येऊन थुंकली." मग म्हणाली, "पण पोरीची आईच सांगतेय तर ओरडा मावशी. माझ्याही आईने सांगितलंच होतं ना. 'तुझ्या भल्यासाठी आईनेच ओरडायला लावलं', लहानपणापासून हेच ऐकतेय. मी चार वर्षांची असताना ती वारली, नाहीतर विचारलं असतं, कसलं गं भलं?"

फूमा खाटेच्या कडेवर बसली.

"तिने सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्या आईने माझा घागरा धरून ठेवला होता. 'ओरडू नकोस, बाई, तुझ्या पाया पडते,' म्हणत होती. मी बावीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण. म्हटलं, चूक झाली तर गाव मला खाईल. तिचा हात झटकला आणि उंबऱ्यावर जाऊन ओरडले. लोकांनी विचारलं तेव्हा मीच सांगितलं, आईनेच ओरडायला लावलं म्हणून."

पाश्क्वा शिव्या देईल, अंगावर धावून येईल, असं फूमाला वाटलं; तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"एवढी वर्षं मी तिच्या कबरीवर एक फूल ठेवलं नाही," पाश्क्वा म्हणाली. "रागाने."

उलिकाने भिंतीकडचं तोंड वळवलं. सासूकडे नाही, पाश्क्वाकडे बराच वेळ बघत राहिली. मग हात पुढे केले.

"द्या इकडे," ती म्हणाली आणि पोरीला छातीला लावलं.

पाश्क्वाने कपड्यांचं बोचकं बांधलं. बशीतला पडदाही त्यातच गुंडाळला. आणि मागच्या दाराने न जाता, ज्या दाराने तिला कधी कुणी येऊ दिलं नव्हतं त्या पुढच्या दाराने गेली. बाहेर अंगणातल्या बायका वळून बघायला लागल्या. आता ही जे बोलेल ते गाव जन्मभर बोलणार होतं, आणि बोलायचा हक्क तिच्याइतका कुणालाच नव्हता.

"पोर झाली!" पाश्क्वा उंबऱ्यावरून ओरडली. "पोर झाली! पोर झाली!"

"तुला कुणी विचारलं गं?" अंगणात बसलेल्या काताने नाक मुरडलं.

"कुणी नाही."

फूमा कशीबशी उठून खिडकीशी आली. कपडे धुवायचा ओढा उताराला, गावाखाली होता. पाश्क्वा बोचकं काखेत मारून वर, चर्चमागच्या कबरींच्या वाटेला लागली होती.