गाडीवरची निळी साडी

श्रावणातल्या एका दुपारी किहीमहून ताईचा फोन आला. "अरुण, तुझे भाऊजी गेले रे," एवढंच म्हणाली. जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर त्यांची मोटारसायकल माझ्याकडे, अलिबागला आली. "किल्लीही घेऊन जा," ताई म्हणाली. "थंडी पडली की मला हिच्यावरून बोर्लीला ने." बोर्ली पंचतन हे तिचं माहेर, आमचं घर. दर हिवाळ्यात भाऊजी तिला मागे बसवून तिथे न्यायचे. बाकी काही तिने मागितलं नाही.

गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली. नवीच, पण जुन्या धाटणीची, गोल दिव्याची. पाऊस सरला की तिची हिवाळ्याची तयारी सुरू व्हायची. एका वर्षी वारा अडवायला पुढे काच आली, पुढच्या वर्षी धुक्यासाठी पिवळा दिवा. ताईची पाठ दुखते म्हणून मागची सीट रुंद करून तिला टेकायला पाठही लावून घेतली. मी एकदा विचारलं, "भाऊजी, काश्मीरला निघालात काय?"

"अरुणराव, वाचनालयात बसून थंडी कळत नाही. पहाटे रेवदंड्याच्या पुलावर या, मग बोला."

परत आले की आधी गाडी गोड्या पाण्याने धुवायची, चाकाची एकेक तार तेलाच्या फडक्याने पुसायची, आणि सगळं कोरडं झालं की वर ताईची जुनी निळी सुती साडी टाकायची. प्लास्टिक नाही; त्यात खारी हवा कोंडते, असं ते सांगायचे. मी मान डोलवायचो. एवढी हौस करणाऱ्या माणसाला एक बरं कव्हर घेता येऊ नये, असं मनात यायचं.

म्हणून गाडी माझ्याकडे आल्यावर पहिलं काम मी तेच केलं. जाड, पाणी न शिरणारं कव्हर आणलं, दोरीने घट्ट बांधलं. माझा सगळा जन्म पुस्तकांना प्लास्टिकची वेष्टनं घालण्यात गेला. जपायचं म्हणजे झाकायचं, एवढंच मला ठाऊक. भादवाभर रोज सकाळी त्या कव्हरवर एक फूल ठेवायचो. उघडून मात्र एकदाही पाहिलं नाही. गाडीबरोबर आलेली साडी विटलेली होती, ती दाराशी पाय पुसायला टाकली.

दसऱ्याला ताई आली. वर्षभर सण नाहीत, पण त्यांच्या गाडीला हार घालायला कोण अडवणार, असं म्हणत झेंडूची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. चपला काढल्या, सवयीने पाय पुसले... आणि खाली बघून थांबली. साडी उचलली, झटकली, घडी करून काखेत धरली.

मग मी कव्हर सोडलं. आतून कुबट वाफ आली. चाकांच्या तारा तांबूस झाल्या होत्या, दिव्याच्या कडेला फोड आले होते. ताईने एका तारेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहत राहिली.

"पुस्तक वाटलं होय रे तुला?" ती म्हणाली. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

तारा बदलेपर्यंत हिच्यावर दोघं बसू नका, असं मेकॅनिकने सांगितलं आहे. तारा यायच्या आहेत. ताई फोनवर बोर्लीचं नाव काढत नाही. इकडे गार पडलंय, एवढंच सांगते.

साडी तिने धुऊन परत पाठवली. आता गाडीवर तीच असते. सकाळी ती उचलतो तेव्हा तारांचे तांबूस ओरखडे कापडावर उमटलेले दिसतात, रोज थोडे अधिक. ते आत जातील अशी घडी मी घालतो... ताई आली की पहिल्यांदा ती घडीच उलगडणार, हे माहीत असूनही.