ओहोटीत अठ्ठावीस

झेंड्याची काठी माझ्या मानेत टोचली.

“अठ्ठावीस सांगितलं होतं,” साहेब मागून म्हणाले. “तेवीस का दिसतंय?”

मी वेगाची लिव्हर पुढे ढकलली नाही. तशी काठी परत टोचली. या वेळी जोरात. मग मी ढकलली. आकडा अठ्ठावीसवर आला आणि मागे त्यांची मुलगी तोंडावर पाण्यात आपटली.

“बघ, पाडलीस तिला,” ते म्हणाले.

बेचाळीस वर्षांचा होतो मी. घरी दोन मुली, दोघी कॉलेजात. आणि एक माणूस मला बैलाला टोचावं तसं टोचत होता, आणि मी मान पुढे करून बसलो होतो. उलट “सॉरी सर” म्हणालो. हे “सॉरी सर” माझ्या तोंडातून कसं आपोआप निघायचं, त्याची मला आजही चीड येते.

आधी काम काय ते सांगतो. कल्याण आणि ठाण्याच्या मधल्या खाडीवर टॉवर उभे राहिले. टॉवरवाल्यांसाठी क्लब झाला. तिथे मी बोट चालवायचो. बोटीला दोरी, दोरीच्या टोकाला खेळणारा. त्याचे पाय एका फळीवर पट्ट्यांनी बांधलेले. बोट ओढते आणि तो बोटीच्या मागच्या लाटेवर घसरत येतो. ते म्हणायचे वेकबोर्डिंग. बघणाऱ्याला वाटतं खेळ त्या मागच्याचा. तो निम्मा ड्रायव्हरचा असतो. बोट पळवणं कोणालाही जमतं. हळू आणि एकसारखी चालवणं कठीण. वेग जरा कमी झाला की बोट बसते, फळी बुडते. जरा वाढला की दोरी हातातून हिसकते. मागच्याने बाजूला झेप घेतली की इंजिन दमतं, तेव्हा दमायच्या आधीच केसभर वाढवायचं आणि तो परत आला की केसभर काढायचं. हे सगळं दोन बोटांत आणि कानात असतं.

आणि खाडी म्हणजे तलाव नव्हे. ती चालते. ओहोटीला पाणी कल्याणकडून ठाण्याकडे ओढतं, भरतीला उलटं. ओहोटीत बोट कल्याणच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या विरुद्ध नेली तर मोबाईल ताशी तेवीस किलोमीटर दाखवतो, पण फळीखालचं पाणी अठ्ठावीसनेच येत असतं. मोबाईल किनाऱ्यावरून वेग धरतो. फळी किनाऱ्यावर नसते. एवढी साधी गोष्ट. पण ती सांगायची कोणाला? साहेब क्लबचे मेंबर. त्यांनी स्टिअरिंगशेजारी मोबाईल चिकटवलेला आणि त्यांना त्यातला आकडा हवा असायचा.

बोटीत ड्रायव्हरशिवाय एक माणूस मागे तोंड करून बसतो. त्याचं काम एकच. खेळणाऱ्यावर नजर ठेवायची आणि तो पडला की नारिंगी झेंडा वर धरायचा, म्हणजे दुसऱ्या बोटींना कळतं की पाण्यात माणूस आहे. झेंडा साहेबांकडे असायचा. त्यांनी मागे बघायचं होतं. ते पुढे बघायचे, माझ्या खांद्यावरून, मोबाईलमध्ये.

माझे बाबा डोल लावायचे. खाडीत खुंट ठोकून मोठं जाळं. जाळं टाकण्याआधी ते पेंढ्याची एक काडी पाण्यात सोडायचे आणि ती कुठे जाते, किती जाते ते बघत बसायचे. मला हाताला धरून तेच शिकवलं. मासे गेले, पाणी काळं झालं, डोल घरात वाळत पडला, पण काडीची सवय राहिली. क्लबातही प्रत्येक फेरीआधी मी इंजिन बंद करून एक काडी सोडायचो. मेंबर हसायचे. “झाली का रे पूजा?” एकजण तर रोज विचारायचा. शेवटी मॅनेजरने मला बाजूला घेतलं. माझ्याच वयाचा, कोकणातला माणूस. म्हणाला, “अरे, तो टाइमपास बंद कर. मेंबर वैतागतात.” मी बंद केलं. खिशातल्या काड्या घरी जाऊन चुलीत टाकल्या.

मग क्लबने यंत्र आणलं. वेग धरून ठेवायचं यंत्र. आकडा दाबायचा, लिव्हर पुढे करून सोडून द्यायची, पुढचं ते बघतं. बसवायला आलेला इंजिनियर पोरगा भला होता. तो म्हणाला, “तलावात एकदम बेस्ट चालतं.” मी विचारलं, “आणि चालत्या पाण्यात?” “तिथे ड्रायव्हरला आकडा बदलावा लागेल,” तो म्हणाला. मॅनेजर शेजारीच उभा होता. हे त्याने ऐकलं. मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी लिव्हरवर चिकटपट्टी लागली. “हात लावू नये.” त्या क्लबात संडासापासून स्विमिंग पूलपर्यंत सगळ्या पाट्या इंग्रजीत आहेत. ही एकच मराठीत होती. ती कोणासाठी, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

मी मॅनेजरकडे गेलो. “आकडा तरी मला बदलू द्या. पाणी चालतं आपलं.”

“तू इंजिनियर आहेस का?”

“नाही.”

“मग?”

या “मग”ला उत्तर होतं. बाबांनी दिलेलं सगळं उत्तर अंगात होतं, पण ते त्या टेबलावर ठेवता येईल असं नव्हतं. मी परत आलो.

आता तो दिवस. अमावस्येनंतरचा दुसरा. उधाणाची ओहोटी. दुपारी बोट जेट्टीला बांधलेली असतानाही दोर तारेसारखा ताणलेला होता. साहेब मुलीला घेऊन आले. अठरा-एकोणीस वर्षांची. मला काका म्हणायची, क्लबात तेवढी एकटीच. पाण्यात उतरताना म्हणाली, “काका, आज हळू हं. मागच्या वेळेला हात दुखले होते.”

साहेबांनी यंत्रावर अठ्ठावीस दाबलं.

“सर, ओहोटी जोरात आहे,” मी म्हणालो. “वर जाताना बावीस ठेवू या.”

“तुला मराठी वाचता येतं ना?” त्यांनी चिकटपट्टीवर बोट ठेवलं.

मी हात काढला. उजवा हात काढून मांडीवर ठेवला. हे मला नीट लिहायचं आहे, कारण पुढे जे झालं ते इथे झालं. कोणी माझा हात धरला नव्हता. मीच काढला.

बोट कल्याणच्या दिशेने लागली आणि इंजिनचा आवाज चढत गेला. यंत्राला मोबाईलसारखंच किनाऱ्यावरून अठ्ठावीस पुरं करायचं होतं. खाली पाणी तेहतीस-चौतीसने फाटत होतं. आरशात मला फळी दिसत होती. ती घसरत नव्हती, आदळत होती. मुलीने एक हात दोरीवरून सोडला आणि अंगठा खाली केला. त्याचा अर्थ एकच, हळू करा. साहेब मागे बघत नव्हते. ते आकडा बघत होते. खूश होते. “बघ,” मला म्हणाले, “जरासुद्धा हलत नाहीये. याला म्हणतात कंट्रोल.”

अंगठा मी बघितला. माझा हात मांडीवर होता. लिव्हर तिथून वीतभर. दोन श्वास गेले असतील. हात उचलला गेला नाही. बाईमाणसाच्या अंगावर गाडी येताना बघणारा माणूस ओरडतो तरी. मी ओरडलोसुद्धा नाही.

फळीचं टोक पाण्यात घुसलं. मुलगी हवेत उलटली आणि खांद्यावर पडली.

मग मी पट्टीबिट्टी बघितली नाही. वेग काढला, बोट फिरवून तिच्याजवळ नेली, इंजिन बंद केलं, कपड्यांसकट उडी मारली आणि तिला पाण्यावर धरलं. खांदा निखळला होता. ती “काका, काका” करत होती, आणि मी “झालं बाळा, झालं” म्हणत होतो. काय झालं होतं? माझ्यामुळे झालं होतं.

जेट्टीवर गर्दी जमली. मुलीला गाडीत घालून नेलं, क्लबात बसलेली तिची आई बरोबर गेली. साहेब थांबले. बाप होते, घाबरले होते. पण घाबरलेला मोठा माणूस आधी खाली बघतो, तिथे कोण उभा आहे ते.

“सगळ्यांसमोर माफी माग.”

मी हात जोडले. “चूक झाली सर.”

“काय चूक? नीट सांग.”

“स्पीड वाढला.”

“वाढला? आपोआप?”

“माझ्याकडून वाढला.”

“कान धर.”

मी कान धरले. कपड्यांतून पाणी गळत होतं. कोणीतरी मोबाईल वर धरला. मॅनेजर आपल्या बुटांकडे बघत होता. मुलगी तिथे असती तर बोलली असती, असं मी कितीतरी दिवस मनाला सांगितलं. ती नंतर बरी झाली, आणि नंतरही बोलली नाही.

मी घरी पोचायच्या आधी तो व्हिडिओ गावात पोचला होता. बायको दारात उभी. मुली आत, दार लोटून.

“तुमी कशाला धरले कान?” बायकोने विचारलं.

मी बसलो.

“मना एकच सांगा. चूक तुमची व्हती का?”

“व्हती.”

“मंग?”

“ते बोलतान ती नाय. दुसरी.”

ती पाणी घेऊन आली. मी प्यायलो नाही. रडलो. मुलींना ऐकू गेलं असणार. लाज वाटायची जेवढी होती तेवढी जेट्टीवर वाटून संपली होती, म्हणून रडलो.

सकाळी मॅनेजरने बोलावलं. टेबलावर इंग्रजी कागद.

“सही कर. इन्शुरन्सला लागतं. साहेबांशी मी बोललोय, तुला काढणार नाहीत. सामान आणायच्या बोटीवर ठेवतील.”

इंग्रजी मला येत नाही. आठवीपर्यंत शाळा, तीही भरती-ओहोटी बघून. पण माझ्या कामाचे शब्द सगळे इंग्रजी आहेत, तेवढे मला येतात. मी बोट ठेवून शोधत गेलो. ऑपरेटर. म्हणजे मी. थ्रॉटल. म्हणजे लिव्हर. मॅन्युअल. म्हणजे हाताने. पुढे यंत्राचं नाव, त्यापुढे ऑफ.

यंत्र बंद होतं. लिव्हर मी हाताने वाढवली. असं होतं त्यात.

ज्या लिव्हरला हात लावू दिला नाही, ती मी हाताने वाढवली. ज्या हाताने वाचवता आलं असतं आणि ज्याने वाचवलं नाही, त्याच हाताने पाडलं, असं हे लोक त्याच हाताकडून लिहून घेत होते. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. काठी खाल्ली, कान धरले, ते सगळं तोंडावरून पुसता आलं असतं. ही सही माझ्या लायसन्सवर बसली असती. कोणत्याही बंदरात कोणी विचारलं असतं तर उत्तर तयार, याला वेग धरता येत नाही. आणि माझ्या खऱ्या गुन्ह्याची कुठे नोंदच राहिली नसती.

“हे खोटं आहे,” मी म्हणालो.

“मला माहीत नाही का?” मॅनेजर हळूच म्हणाला. “अरे, पोरींचा विचार कर. मी तुझ्या भल्याचं सांगतोय.”

“तुम्ही तिथे होतात. इंजिनियर बोलला तेव्हा.”

त्याने पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी कागद उलटा केला आणि त्याच्याच पेनाने मागच्या बाजूला लिहिलं. उधाणाची ओहोटी होती. यंत्र चालू होतं. आकडा मेंबरने लावला. मी सांगितलं, ऐकलं नाही. मुलीने हळू करायची खूण केली, ती मला दिसली. मला कळत होतं, तरी मी हात लावला नाही, कारण हात लावू नये असा हुकूम होता. ही माझी चूक. खाली सही. पूर्ण नाव. बाबांचं नाव मधे.

मॅनेजरने वाचलं. “हे कोण वाचणार? मराठीत लिहिलंयस.”

“तुम्ही वाचलंत ना.”

मी त्याचा फोटो काढला आणि बाहेर पडलो. काम गेलं. त्याच दिवशी गेलं.

बोटींची लायसन्स देणाऱ्या ठाण्याच्या ऑफिसात मी त्याच मजकुराची प्रत दिली. त्यांनी शिक्का मारला. दोनदा परत गेलो. तिथले साहेब मीटिंगला आहेत. फाईल वर गेली आहे. कोपरीला बहीण राहते, तिच्याकडे दुपारचं जेवून परत ऑफिसच्या बाकावर बसायचो. कोणी बोलावलं नाही. आजवर नाही.

क्लबची बोट चालू आहे. नवा ड्रायव्हर आमच्याच पलीकडच्या गावचा, लहानपणी डोल ओढलेला. परवा ओहोटीला मी किनाऱ्यावर उभा होतो. बोट कल्याणकडे चालली होती. त्याचा उजवा हात मांडीवर होता. मी ओरडलो, “हात लाव रे! हात लाव!” त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. त्याला कळत होतं. मला जसं कळत होतं तसंच.

मला माहीत आहे, माझ्याने काही थांबणार नाही. गावातले शहाणे म्हणतात, तुझी चूक लिहिलीस तेवढी ओळ खोड, मग आम्ही तुझ्या बाजूने उभे राहू. क्लबचा माणूस येऊन सांगून गेला, यंत्राची ओळ खोड, परत कामावर ये.

मी कुठलीच ओळ खोडणार नाही. ज्या दिवशी बोलावतील त्या दिवशी पहिलं वाक्य माझ्याविरुद्ध बोलेन, दुसरं त्यांच्याविरुद्ध. एका दमात. आणि नाहीच बोलावलं, तर दर ओहोटीला त्या जेट्टीसमोर उभा राहून हीच दोन वाक्यं ओरडेन, पाण्यात फळीवर उभ्या असलेल्या पोरीला ऐकू जाईपर्यंत.