इयालाउनचं थडगं

राबाउलचं बंदर इतकं देखणं की शहर वसवणाऱ्यांनी भोवतालच्या धुमसणाऱ्या डोंगरांकडे खुशाल काणाडोळा केला. शहर दोनदा राखेखाली गेलं. सदतीस साली आमच्या घराण्यातली इयालाउन आईच्या पाठुंगळीला बसून पळाली. चौऱ्याण्णव साली नातवंडांना पाठुंगळीला घेऊन. त्यानंतर सरकारनं आम्हा बंदरातल्या माटुपिट बेटावरच्यांना किनाऱ्यापासून आत, सिकुटला जमीन दिली.

इयालाउनला सिकुट कधी मानवलं नाही. चिकट माती, समुद्राचा आवाज नाही. तरी ती तिथं राहिली. तिची मुलगी रेल्वी मात्र नवरा वारल्यावर पोरांना घेऊन बेटावर परतली. समोरच्या डोंगराच्या पायथ्याशी ऊन राखेत रानकोंबड्या अंडी पुरतात, ती खणून रेल्वी बाजारात विकायची. खड्ड्यात कमरेपर्यंत उतरायची, आणि वर डोंगर धूर ओकत असायचा.

"अगं, तो डोंगर काय तुझा मामा लागतो, तुला सांगून फुटायला?" म्हातारी चिडायची.

"आजी तिकडं पुरलेली, पणजी तिकडं. त्यांना टाकून तुझ्या चिखलात काय करू?" रेल्वी सुपारी चघळत म्हणायची.

म्हातारीचाही जीव तिकडंच होता. आमच्यात जमीन आईकडून मुलीला जाते, आणि ती कुणाची हे थडग्यांवरून ठरतं. बेटावर आईशेजारची जागा इयालाउनसाठी राखलेली होती. भाऊ तोपिरित तिथलं गवत काढत असे.

म्हातारीनं अंथरूण धरलं तेव्हा रेल्वी धावत आली. तोपिरित म्हणाला, "ताई, घोर लावून घेऊ नकोस. होडी सांगून ठेवलीय. आईपाशी नेतो तुला."

"नको. मला इथंच पुरा."

"तापात बरळतेय," रेल्वी म्हणाली.

"शुद्धीत आहे मी. आई मला माफ करील. तिच्याजवळ माणसं पुष्कळ आहेत."

एवढं बोलून तिनं भिंतीकडे तोंड केलं. रडू आलं होतं तिला, ते कुणाला दाखवायचं नव्हतं. दोन दिवसांनी ती गेली. तिच्या शब्दाखातर तिला घरामागेच पुरलं. सिकुटमधलं आमच्या घराण्याचं ते पहिलं थडगं.

विधी आटोपले, माणसं पांगली. तोपिरितनं रेल्वीला निघायची आठवण करून दिली. ती ओल्या मातीजवळून हलेना.

"हिला इथं एकटीला कशी टाकू?" ती म्हणाली, आणि मग सगळं लक्षात येऊन हमसून रडली. "म्हातारे, फसवलंस गं मला!"

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

"मामा, तुम्ही एकटेच जा. येताना पोरांना घेऊन या."