शुद्ध डबस्टेप, मुक्काम रिसोड

"ते मधातलं गप्प बसते थे काढून टाका, विनूभाऊ. बाकी वाजवतो मी."

"तेच तर गानं हाये. ते काढलं तर राह्यलं काय?"

"आठ मात्रे सामसूम? वरातीत? लोक म्हनतीन डीजे मेला."

"लोकाइले थांबाले शिकव. डबस्टेपमंदी थांबा लागते. आधी शांतता, मंग तळातून आवाज. तुह्यावानी सुरुवातीपासून हडंबा नाही चालू करत कोनी."

हडंबा म्हणजे सोयाबीन काढायचं मळणीयंत्र. विनोदच्या तोंडी ती शिवी होती. आणि ऋषिकेश दुखावला तो शिवीमुळे नाही, तर त्याच्या आज्याचा, दौलतरावांचा, खरोखरचा हडंबा किन्हीराजा गावात होता म्हणून.

"हडंब्याले नावं ठेवू नका. त्याच्या कमाईवरच डीजेची ट्रॉली उभी राह्यली."

"ते आइकू येतेच."

दुसऱ्या दिवशी विनोदच्या बहिणीचं, रेणूचं लग्न. डीजे ऋषिकेशचा. कोणती गाणी लावायची हे विचारायला तो आला होता, विनोदने स्वतः केलेलं गाणं पुढे केलं, आणि तासाभरात दोघं डबस्टेप या विलायती संगीतातलं खरं कोणतं आणि भेसळीचं कोणतं इथवर पोचले होते.

विनोद दिवसा लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो. त्याआधी तो एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. क्लासने नवी यंत्रं घेतली तेव्हा अठ्ठ्याण्णव सालची दोन जुनी यंत्रं भंगारात निघाली. ती त्याने जीपच्या टपावर बांधून घरी आणली. त्यातल्या एकाचे अवयव काढून दुसरं जिवंत ठेवलं. त्याच्यावर तो संगीत करतो. करतो म्हणजे टाइप करतो. पडद्यावर चार रकाने, रकान्यांत आकडे आणि अक्षरं, आणि ते खालून वर सरकत राहतात. अकरा वर्षं तो हे करतोय. त्याची आई लिलाबाई पाहुण्यांना सांगते, "विनूचं मतदार यादीचं काम चालू हाये." नेमकं नाव कोणी विचारलंच तर म्हणते, "डबास्टेप." त्या यंत्राला घरात सगळे डबाच म्हणतात, त्यामुळे तिला ते नाव अगदी पटलेलं आहे.

डबस्टेप दोन तऱ्हेचं असतं, हे विनोद कोणालाही सांगतो. एक खरं: संथ, खोल, कानाला कमी आणि छातीला जास्त. दुसरं गुरगुरणारं, फाटलेलं, ऋषिकेश वाजवतो ते. या विषयावर त्याचा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे, 'शुद्ध डबस्टेप विदर्भ'. सभासद चार. त्यातली एक त्याची बायको पौर्णिमा. तिने तो गप्प करून ठेवलाय. दुसरा ऋषिकेश. त्याला भांडायला घेतलंय.

पण एक गोष्ट ग्रुपवर कोणालाच माहीत नाही. त्या यंत्राचे स्पीकर साबणाच्या डबीएवढे आहेत. त्यांतून तळाचा आवाज, म्हणजे बेस, येतच नाही. म्हणजे अकरा वर्षांत विनोदने स्वतःचा तळ एकदाही ऐकलेला नाही. तो त्याला फक्त आकड्यांवरून ओळखतो. ऐकू आला नाही की आकडा वाढवतो. तरी नाही आला, तर आणखी वाढवतो.

पौर्णिमाने एकदा विचारलं होतं, "जे आइकूच येत नाही थे चांगलं हाये, हे तुमाले कसं समजते?"

"अनुभव."

"कायचा?"

त्यावर विनोदने हेडफोन लावले होते. हेडफोनही त्याच क्लासमधले. एकाच कानाने चालणारे, आणि तळ त्यांतूनही न येणारे.

ऋषिकेशच्या ट्रॉलीवर मात्र माणसाच्या उंचीचे खोके आहेत. एकदाच, फक्त एकदा, आपला तळ त्यांतून ऐकायचा, एवढंच विनोदला हवं होतं. पण हे तो मागत नव्हता, तत्त्वाचं बोलत होता. शेवटी पौर्णिमाच चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "वाजवा ना, ऋषीभाऊ. घरची वरात हाये. नाहीतर हे मांडवात तोंड पाडून बसतीन, फोटोत दिसते ते."

"पन ते सामसूम?"

"घरात ते गप्प बसते का कधी? बसू द्या गान्यात."

यंत्राला पेनड्राइव्ह लावायला जागाच नाही. म्हणून सकाळी अख्खा डबा ट्रॉलीवर चढला. मागे कुबड असलेला मॉनिटर दोरीने बांधला, खाली उशी दिली. ट्रॅक्टर दौलतरावांचा. तो ते कोणाच्या हाती देत नाहीत, म्हणून नातवाच्या प्रत्येक वरातीत स्वतः असतात. ट्रॅक्टर गाण्याला हातभर सरकतो, त्यामुळे बसल्या जागी झोपून घेतात. असल्या दणक्यातही त्यांची झोप मोडल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

मेडशीहून आलेला नवरदेव बसस्टँडजवळ उतरला. ऋषिकेशने विनोदकडे पाहून मान हलवली. विनोदने मांडीवरचा कीबोर्ड दाबला.

सुरुवात संथ होती. नाचायला आलेल्या पोरांनी हात वर केले आणि ते कधी खाली आणायचे हे न कळून तसेच धरले. मग ती शांतता आली.

आठ मात्रा. जनरेटरवर सेवालाल होता, चौदा वर्षं वरातींचे जनरेटर सांभाळलेला. त्याच्या लेखी वरातीतल्या शांततेचा एकच अर्थ. तो पाच मात्रांपर्यंतही थांबला नाही. जनरेटर बंद करून मोकळा झाला.

"बंद काहून केला बे?" ऋषिकेश ओरडला.

"आधीच बंद पडला ना? मंग पूर्न बंद करून पाहून राह्यलो."

शांतता संपेना. नवरदेवाची आत्या सोजरबाई म्हणाली, "झालं वाटते बाप्पा यांचं. चला मांडवात, ऊन लागून राह्यलं." पाच मिनिटांत रस्ता रिकामा. पत्रिकेत छापल्या वेळेला लागलेलं ते त्या मोसमातलं एकमेव लग्न. विनोदचे वडील माणिकराव, जन्मभर वेळेवरून लोकांशी भांडलेले, ऋषिकेशला मांडवाच्या दारात म्हणाले, "सुदरला तू."

इकडे जनरेटर पुन्हा सुरू झाला तेव्हा निळ्या पडद्यावर यंत्राने तक्रार मांडली: मला नीट बंद केलं नाही, आता सगळी डिस्क तपासल्याशिवाय मी काही करणार नाही. विनोद समोर बसून राहिला. रेणूच्या गळ्यात हार पडला तेव्हा भाऊ छप्पन टक्क्यांवर होता.

तीन वाजता जेवणं उरकली. ट्रॉली मांडवामागच्या मैदानात उभी होती. तिच्याखाली, सावलीत, दौलतराव आडवे. ऋषिकेश पान खाऊन आला आणि विनोदशेजारी बसला.

"आता कोनी नाही. आइकून घ्या एकदा."

"त्याले सांग पह्यले."

"सेवालाल, सामसूम झालं का हात लावू नको."

सेवालालने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

संथ सुरुवात. मग शांतता. बायका भांडी घासत होत्या तेवढंच ऐकू येत होतं. विनोदने डोळे मिटले. आठ मात्रा पूर्ण झाल्या आणि अकरा वर्षं वाढवत नेलेले सगळे आकडे एकदम खोक्यांत उतरले.

खोल वगैरे काही नव्हतं. घासलेली ताटं सरकली. मांडवाचं कापड थरथरलं. घरघर, खडखड, मधूनच काहीतरी दातांत अडकल्यासारखी कचकच. विनोदने डोळे उघडले आणि खोक्यांकडे असं पाहिलं, जणू कोणीतरी गाणं बदललंय.

ट्रॉलीखालून दौलतराव बाहेर आले.

"हडंबा कोनं चालू केला बे? मे महिन्यात कोनाचं सोयाबीन राह्यलं?"

"आजा, गानं हाये ते."

"मले नको शिकू. वीस वर्सं झाले हडंब्यावर. पट्टा ढिला हाये त्याचा. आवळून घ्या, नाही त दाना फुटते." एवढं सांगून ते पुन्हा सावलीत गेले.

सेवालाल हात मागेच ठेवून हसला. ऋषिकेश मात्र हसला नाही. त्याने आवाज जरा कमी केला आणि अगदी अदबीने विचारलं, "विनूभाऊ, ग्रुपवर काय टाकू? हे दोनातलं कोनतं म्हनावं?"

विनोदने यंत्रातून खोक्यांकडे जाणारी वायर उपटली. हातावर गुंडाळली, नीट, कोपरापर्यंत. मग ट्रॉलीवरून उतरला आणि भांड्यांच्या मधून वाट काढत रस्त्याकडे चालू लागला. मागे पडद्यावर आकडे अजून खालून वर सरकत होते.