तापीतल्या होडीतून मारलेली हाक

गल्लीतल्या बायांनो, काठावरच्या गावात मास्तर भेटले, म्हणून आजचं आजच लिहवून घेते.

आम्ही दोघं, कुत्रा आणि शेळी, आमच्याच होडीतून तापीतली बेटं हिंडतोय. आज चौथा दिवस. दुपारी आमचे हे बेटावर बाभळीखाली घोरत होते, कुत्रा त्यांच्या कुशीत. मी शेळीला घेऊन होडीत बसले होते. शेळीने होडीचा दोर खाल्ला आणि मी तिच्यासकट वाहू लागले. मला वल्हं मारता येत नाही.

"अहो, आयका ना!" घोरणं चालूच. शेवटी डोळे मिटून, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांना नावाने हाक मारली.

ताडकन उठले, पोहत आले, होडी धरली. पण वर चढेनात. म्हणतात कसे, "नीट ऐकू उनं नही. परत एकदा हाक मार ना!"

मारली का, ते मास्तरांसमोर सांगत नाही. तुम्ही मारली असती?