बाबांचा खटक्याचा चाकू

परवा मुलीने एक नवा घडीचा चाकू आणला. अंगठ्याने पातं जरा ढकललं की सर्रकन उघडतं आणि आतली पट्टी त्याला धरून ठेवते. "बघ आई, एका हाताने!" मी म्हटलं, ठेव बाई. एका हाताने उघडणारा चाकू मी तुझ्या जन्माआधी पाहिलाय, आणि ऐन वेळी न उघडलेलाही पाहिलाय.

माझ्या बाबांचा चाकू खटक्याचा होता. चंद्रपूरच्या बाजारात एका कारागिराकडून घेतलेला, शिंगाची मूठ, टोकाला पितळ. खटका दाबला की पातं बाहेर, आणि मागची कमान त्याला इतकं पक्कं अडकवायची की बांबू चिरला तरी ते हलत नसे. आमचं गाव नागभीडकडचं. विळे-कुऱ्हाडी घरोघरी, पण खटका फक्त बाबांकडे. काय ती मिजास! पारावर बसले की आधी चाकू निघायचा. खट्. बंद. खट्. बंद. "डोळा लवाच्या आत उघडते," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आईला त्या आवाजाचा भारी राग. "काम ना धाम, अन् खटखट करून राह्यले," ती म्हणायची. तिच्या कमरेला विळा खोचलेला असे, त्याला उघडायचं-मिटायचं काही नव्हतंच.

बाबा चाकूची सेवाही मनापासून करत. सांध्यात धूळ राहिली तर पातं अडतं, खिळा सैल झाला तर डुगडुगतं, हे त्यांना पाठ. आंबा कापला तरी पुसल्याशिवाय मिटत नसत. आणि तेल घालत ते टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. आमच्याकडे तेल म्हटलं की तेच. दिव्यात तेच, अंगाला तेच, बंडीच्या चाकालाही तेच. मग चाकूला वेगळं कोण घालणार?

त्या वर्षी पौषात हाडं गोठवणारी थंडी होती. धानाची मळणी सुरू होती. खळ्यात पेंढ्या पसरायच्या आणि चार बैल गळ्याला गळा बांधून खांबाभोवती फिरवायचे. सगळ्यात आतला बैल आईच्या माहेरचा. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेला गोऱ्हा, तिच्यामागोमाग चालत सासरी आलेला. आधी त्याला घास, मग आम्हाला, असा तिचा हिशेब होता. उन्हं यायच्या आधीच बैल फिरायला लागले होते. दवाने ओल्या झालेल्या तणसावर, धानाच्या काडावर, आईच्या बैलाचा पाय घसरला आणि तो खाली बसला. बाकीचे तिघं बिथरून ओढू लागले. मी समोरून आडवी गेले तरी थांबेनात. दोर त्याच्या गळ्यात रुतला, जीभ बाहेर आली.

"कापा जी! दोर कापा!" आई खळ्याच्या पलीकडून ओरडली.

बाबांनी खटका दाबला. पातं निम्मं आलं आणि थांबलं. पुन्हा दाबला. नखाने ओढून पाहिलं, पण बोटं गारठलेली आणि पातं निसरडं. बैलाचे डोळे पांढरे झाले. मेला रे मेला, एवढंच माझ्या डोक्यात. तेवढ्यात आई धान तुडवत धावत आली आणि विळ्याच्या एका फटक्यात दोर तुटला.

बैल क्षणभर तसाच पडून होता. मग घरघरत त्याने श्वास घेतला, कान हलवला. आई त्याच्या मानेवर डोकं टेकून ढसाढसा रडली. बाबांनी चाकू खळ्याच्या कडेला पेटवलेल्या शेकोटीकडे भिरकावून दिला. आरडाओरडा ऐकून शेजारची माणसं आली. "दोर कोणं कापला?"

आईने डोळे पुसले आणि विळा पदराआड केला. "यायनं," ती बाबांकडे हात करत म्हणाली. "यायच्या चाकूनं."

"वा भाऊ! खटका कामाले आला!" लोक बाबांची पाठ थोपटू लागले. बाबांचा चेहरा मला बघवेना. "नाई," ते म्हणाले. "खोटं बोलून राह्यली ते. माहा चाकू उघडलाच नाई. बैल इनं वाचवला." चार माणसांत कुणा पुरुषाने बायकोबद्दल असं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

लोक गेल्यावर आई उखडली. "काऊन सांगतलं जी? मी झाकून राह्यली होती ना!" आईने शेकोटीजवळ पडलेला चाकू आयुष्यात पहिल्यांदा उचलला आणि रागारागाने खटका दाबला. खट्!

दोघं बघतच राहिले. टोळीचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. आई रोज सकाळी बाटली चुलीजवळ शेकायची. पण चाकूच्या पोटातही तेच तेल आहे, हे कोणाच्या ध्यानात येणार! धगीने ते पातळ झालं होतं. बाबांनी कपाळाला हात लावला. "घ्या! मीच माह्या हातानं गोठवला त्याले."

आता आई सोडत नाही, असं मला वाटलं. पण ती हसलीसुद्धा नाही. पातं मिटायला गेली, ते तिला जमेना. "मिटाचं कसं, दाखवा," ती म्हणाली. बाबा तिच्याशेजारी बसले. तिचं बोट धरून कमानीवर ठेवलं, वरून आपलं ठेवलं आणि हळूच दाबलं. बाबांनी आईचा हात हातात घेतलेला मी जन्मात तेवढा एकदाच पाहिला.