यात्रेची सुट्टी

काल बेल्ह्याजवळच्या यात्रेहून घरी आलो, तरी बोटांना भंडाऱ्याचा वास होता. हळदीचा तो कोरडा वास आला की मला बाळूभाऊ आठवतात.

कंपन्यांमधली चोरी हुडकणं हा माझा धंदा. एकदा जुन्नरकडच्या एका डेअरीत गेलो होतो. शेतकऱ्यांच्या दुधाचा भाव ज्यावर ठरतो ते फॅट मोजायला तिथं बाळूभाऊ होते. "लई इमानी माणूस," मालक म्हणाले. "इतक्या वर्षांत कधी सुट्टी नाय. गावच्या यात्रंलाबी कामावर."

तिथंच मला खटकलं. या भागातला माणूस एकवेळ नोकरी सोडेल, गावची यात्रा चुकवणार नाही.

त्यांच्या गावची यात्रा दुसऱ्याच दिवशी होती. मी म्हणालो, "उद्या यात्रेला जा, बाळूभाऊ. फॅट मोजायला दुसरा माणूस बसवतो."

त्यांनी हातातली दुधाची बाटली मशीनजवळ ठेवली. मग ते खाली बघत म्हणाले, "साहेब, मला सुट्टी नका देऊ."

ते यात्रेला गेले आणि त्याच दिवशी साऱ्या शेतकऱ्यांच्या दुधाचं फॅट चढलं, फक्त त्यांच्या मेहुण्याचं उतरलं. रोज दुसऱ्यांचं कापलेलं फॅट बाळूभाऊ मेहुण्याच्या दुधावर दाखवत होते.

त्यांना पळून जाता आलं असतं. पण यात्रेनंतरच्या सकाळी ते कामावर हजर झाले. कपाळावर भंडारा तसाच होता, दारात पोलीस होते. तेव्हा मला सापळा यशस्वी झाल्याचा आनंद झाला होता. आता वाटतं, इतक्या वर्षांत त्यांच्या पोरांनी बापाला यात्रेत पाहिलं ते त्याच एका दिवशी, आणि तेही मी धाडलं म्हणून.